सूचनापेटीची किल्ली

आमच्या शाळेत एक सूचनापेटी होती. लाकडी, निळा रंग दिलेली, कुलूपबंद. मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी टांगलेली असल्यामुळे तिच्यात चिठ्ठी कोण टाकतंय, हे आत बसलेल्याला सहज दिसायचं. एका सुट्टीत भिंती रंगवायच्या म्हणून पेटी खाली उतरवली, तेव्हा किल्ली कुणाकडेच सापडली नाही. शेवटी कुलूप तोडलं. आत १७ चिठ्ठ्या निघाल्या. त्यातली एक अशी: ‘मुलींच्या स्वच्छतागृहात दुसऱ्या दाराला कडी नाही. म्हणून मी शाळेत पाणी पीत नाही.’

खाली नाव नव्हतं, पण अक्षर मी ओळखलं. ती मुलगी दोन वर्षं माझ्या वर्गात होती आणि तिच्या प्रगतिपुस्तकात मी माझ्या हाताने लिहिलं होतं, ‘वर्गात अधिक बोलायला हवे.’ चिठ्ठी सापडली तेव्हा ती शाळा सोडून गेली होती. कडी तेव्हाही बसलेली नव्हती.

त्या दिवसापासून ‘विद्यार्थ्यांचा आवाज’ हे शब्द मी पूर्वीसारखे सहज वापरू शकत नाही. आवाज तिने दिला होता. लेखी दिला होता, कारणासकट. आमच्याकडे नव्हतं ते उत्तर.

नंतर मी या विषयावर जे हाती येईल ते वाचत गेले. बालहक्क संहिता संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २० नोव्हेंबर १९८९ रोजी स्वीकारली. तिच्या १२व्या कलमात दोन गोष्टी आहेत. स्वतःचं मत बनवू शकणाऱ्या मुलाला, त्याच्याशी संबंधित प्रत्येक बाबतीत ते मोकळेपणाने मांडण्याचा हक्क आहे. आणि त्याचं वय आणि समज पाहून त्या मताला योग्य वजन दिलं गेलं पाहिजे. शाळांमध्ये आपण पहिला भाग साजरा करतो आणि दुसरा विसरतो. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या लॉरा लंडी यांनी २००७ साली नेमकं यावर बोट ठेवलं. त्यांच्या मते नुसता आवाज पुरत नाही. बोलायला निर्धास्त जागा हवी, बोलण्यासाठी मदत हवी, ऐकणारा हवा आणि त्या बोलण्याचा निर्णयावर परिणाम व्हायला हवा. आमची पेटी या चारांवर तपासली, तर ती पहिल्याच अटीला नापास होते. दारातच टांगलेली होती ना!

विद्यार्थी परिषद होती आमच्याकडे. वर्गप्रतिनिधी शिक्षक निवडायचे आणि खरं सांगायचं तर मीही तशीच निवडायचे. पहिल्या पाचात येणारी, घरी अभ्यासाला टेबल असलेली, पाहुण्यांसमोर न अडखळता बोलणारी मुलं. परिषदेच्या बैठकीत ती स्नेहसंमेलन आणि सहलीबद्दल बोलायची, कारण त्यांना शाळेत दुसरी अडचणच नव्हती. रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी लिहिलेल्या पुस्तिकेत मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली आहे. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत: मुलांना हाताशी धरून आपलं म्हणणं पुढे करणं, त्यांना शोभेला उभं करणं आणि नावापुरतं विचारणं. आमची परिषद तिसऱ्या पायरीच्या वर कधी गेली असेल, असं मला वाटत नाही.

म्हणून आम्ही निवड बंद केली आणि प्रत्येक वर्गातून नावांच्या चिठ्ठ्या काढल्या. एका सहकाऱ्यांचा याला कडाडून विरोध होता. ‘ज्याला बोलताच येत नाही, तो बोलणार काय?’ हा त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता आणि पहिल्या तीन बैठका त्यांच्याच बाजूने गेल्या. मुलं गप्प बसून राहिली. चौथ्या बैठकीत आम्ही बोलायला सांगणं सोडलं आणि त्यांच्या हातात शाळेचीच एक वही दिली, उशिरा येणाऱ्यांची.

हा प्रसंग मला सविस्तर सांगायचा आहे, कारण माझं बहुतेक शिक्षण त्यात झालं. घंटेनंतर दहा मिनिटांनी फाटक बंद, उशीर झालेल्याने पहिला तास कार्यालयाबाहेर उभं राहायचं, असा नियम होता. सगळ्यांना सारखाच, म्हणून तो आम्हाला न्याय्य वाटायचा. मुलांनी तीन आठवड्यांच्या नोंदी तारीखवार उतरवून काढल्या. तीच तीच नावं येत होती. मग त्यांनी त्या मुलांना विचारलं, जे आम्ही कधीच केलं नव्हतं. त्यातली बरीचशी धाकट्या भावंडांना शाळेत सोडणारी निघाली. धाकट्यांचा विभाग आमच्याच आवारात, पण त्याचं फाटक उघडायचं मोठ्यांच्या घंटेनंतर वीस मिनिटांनी. भावंडाला बंद फाटकापाशी एकटं सोडायचं नाही, म्हणून ही मुलं थांबायची आणि मग आमच्या फाटकावर पकडली जायची. त्यांना उशीर आम्हीच करत होतो.

गटातली एक मुलगी तेवढ्यावर थांबली नाही. ती वेळापत्रक घेऊन आली आणि तिने पहिल्या तासावर बोट ठेवलं. आठवड्यातले चार दिवस गणित. म्हणाली, ‘बाई, तुम्ही म्हणता ही मुलं गणितात कच्ची आहेत. पण ती गणिताच्या तासाला वर्गात असतातच कुठे?’

मला त्या वेळी काहीच बोलता आलं नाही. शाळेतली विषमता बहुधा अशीच तयार होते. कुणी वाईट वागत नाही, नियम सर्वांना सारखा असतो, आणि तो दरवेळी त्याच मुलांवर येऊन पडतो. ते वरून दिसत नाही. ज्याच्यावर पडतं त्यालाच दिसतं, आणि त्याला आपण विचारत नाही.

उपायासाठी शाळेबाहेरच्या माणसांची गरज लागली. धाकट्यांचं फाटक लवकर उघडायचं तर तिथे थांबणार कोण? मुलांनीच सुचवलं, आजूबाजूच्या आजी-आजोबांना विचारा. दोन आजी आणि निवृत्त झालेले एक बसचालक आजोबा पाळीपाळीने यायला तयार झाले. एक शिक्षक कायम हजर राहील आणि कोणतंही मूल कुणाबरोबर एकटं राहणार नाही, हे आधी लिहून ठरवलं. ही काळजी न घेता बाहेरच्यांना शाळेत आणू नये, असं माझं ठाम मत आहे. आजोबा आता फाटकापाशी गाड्यांनाही शिस्त लावतात. ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पालकांबद्दल आमची समजूत याहून चुकीची होती. पालकसभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला आणि जे येत नाहीत ते उदासीन, असा आमचा सरळ हिशोब. रोजंदारीवरच्या माणसाला अकराची सभा म्हणजे दिवसाच्या कमाईवर पाणी. आम्ही संध्याकाळी सभा घेतली, शाळेत नाही, पालक राहतात तिथे. एक वडील शांतपणे म्हणाले, ‘तुम्ही बोलावता तेव्हा काहीतरी चुकलेलंच असतं. मग कशाला यायचं?’ त्यानंतर आम्ही ठरवलं की प्रत्येक घराशी पहिला संपर्क काहीतरी चांगलं सांगायला करायचा. ऐकायला साधं आहे. करायला चार महिने लागले, कारण काही मुलांबद्दल चांगलं सांगायचं तर आधी त्यांच्याकडे नीट पाहावं लागलं.

येल विद्यापीठातले बालमानसोपचारतज्ज्ञ जेम्स कोमर यांनी १९६८ मध्ये न्यू हेवनच्या दोन प्राथमिक शाळांपासून सुरुवात केली, तेव्हा शाळा चालवणाऱ्या गटात त्यांनी पालकांनाही बसवलं. या गटांसाठी त्यांनी तीन पथ्यं सांगितली: दोष कुणाचा हे शोधत बसायचं नाही, निर्णय मतदानाने न घेता सहमतीने घ्यायचे आणि एकमेकांच्या साथीने काम करायचं. पहिलं पथ्य सर्वांत अवघड आहे. शिक्षक घराला दोष देतात, घर शाळेला, आणि मूल मधल्या मधे राहतं.

अॅरिझोनातल्या टूसॉनमध्ये लुईस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांना विद्यार्थ्यांच्या घरी पाठवलं ते शिकवायला नव्हे, शिकायला. कामगार कुटुंबांकडे शेती, बांधकाम, औषधोपचार, व्यापार यांचं केवढं ज्ञान आहे, ते पाहून धडे आखायचे, अशी कल्पना. १९९२ चा त्यांचा लेख वाचल्यावर मी एका गवंडी वडिलांना विज्ञानाच्या तासाला बोलावलं. त्यांनी पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन खोलीच्या दोन टोकांच्या भिंतींवर एकाच पातळीच्या खुणा करून दाखवल्या. नळीचं दुसरं टोक त्यांच्या मुलाने धरलं होतं. वर्षभर हात वर न करणारा तो मुलगा वर्गाला सांगत होता, ‘नळीत बुडबुडा राहिला तर माप चुकतं.’ द्रवाच्या दाबाचा धडा मी इतकी वर्षं शिकवते आहे, पण बुडबुड्याचं मी कधीच सांगितलं नव्हतं.

पेटीच्या जागी आता एक वही आहे. ती ग्रंथालयात असते, कारण तिथे मुलं एरवीही जातात आणि कोण काय लिहितंय ते कुणाला कळत नाही. ज्यांना लिहायला जड जातं, ते गटातल्या मुलांना सांगतात. डावीकडच्या पानावर प्रश्न, उजवीकडे उत्तर, उत्तर देणाऱ्याचं नाव आणि तारीख. पंधरा दिवसांत उत्तर द्यायचंच. ‘नाही’ म्हणायला हरकत नाही, पण कारण लिहायचं. मैदानावर सावलीसाठी छप्पर हवं, याला आम्ही ‘नाही, एवढे पैसे नाहीत’ असं उत्तर दिलं आणि शाळेचा जमाखर्च मुलांना दाखवला. मुलं नाराज झाली. तरी दुसऱ्या दिवशी वहीत नवे तीन प्रश्न होते. वहीतलं पहिलं उत्तर एका शब्दाचं आहे: ‘बसवली.’ त्याच्यासमोर, डाव्या पानावर, ती जुनी चिठ्ठी चिकटवलेली आहे.

सगळं जमलेलं नाही. वर्गात अगदी मागे बसणारी, आठवड्यातून तीनच दिवस येणारी मुलं अजूनही वहीत नाहीत. चिठ्ठीत नाव निघालं त्या दिवशी ती गैरहजर असतात, आणि आम्ही पुढचं नाव काढतो. ते थांबवायला हवं.

परवा वहीत सहावीच्या वर्गातून एक प्रश्न आला आहे: ‘हुशार मुलांनाच पुढे का बसवतात?’ तो वर्ग माझा आहे. उजव्या पानावर माझं नाव लिहून झालंय, खाली पान कोरं आहे. मुदत शुक्रवारपर्यंत.