पोटरी

गणपतीआधीच्या शनिवारी ठाण्याहून निघालो, कल्याणला एसटी धरली आणि मुरबाडकडे गावी पोचलो. भात पोटरीत आलेलं, म्हणजे कणीस अजून पानाच्या आवरणातच. काका म्हणाले, "घुशींनी बांधाकडचं भात तिरकं कापलंय, बघ जरा." चपला बांधावर काढून खाचरात उतरलो. डाव्या टाचेला भेग होती, पण तिकडे कोण लक्ष देतो! तासभर फिरलो. घूस एकही दिसली नाही, नुसते बिळांच्या तोंडाशी ताज्या मातीचे ढीग.

नवव्या दिवशी ठाण्यात हुडहुडी भरून ताप. जवळच्या डॉक्टरांनी 'व्हायरल' म्हणून तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या. डेंगी नाही, मलेरिया नाही. पण पोटऱ्या अशा ठणकत होत्या की कमोडवरून उठताना भिंत धरावी लागे. डोळे लालभडक, चिपडं मात्र नाहीत.

चौथ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. बाईंनी पोटरी दाबली आणि मी ओरडलोच.

"पंधरा दिवसांत साचलेल्या पाण्यात उतरला होतात?"

"छे, आमच्या गल्लीत यंदा पाणी भरलंच नाही."

"अहो, गावी नव्हता का गेलात?" ही म्हणाली.

बाईंना संशय लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूंच्या तापाचा. माझ्या डोक्यात लेप्टो म्हणजे 26 जुलै 2005 नंतरची साथ, तुंबलेली गटारं. शेतातलं पाणी म्हणजे स्वच्छ, असा आपला समज. लेप्टोचे जिवाणू उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात मुक्काम ठोकतात. त्यांना स्वतःला सहसा काही होत नाही, पण लघवीवाटे ते जिवाणू महिनोन्‌महिने पाण्यात-चिखलात सोडत राहतात. आपल्याला एक भेग पुरते. लक्षणं साधारण 5 ते 14 दिवसांत दिसतात, म्हणजे माझा नववा दिवस हिशेबात चोख बसत होता.

रक्तातली लेप्टोविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी आयजीएम तपासणी निगेटिव्ह आली. मी खूश, बाई नाहीत. "पहिल्या आठवड्यात ती चकवते. थांबायचं नाही." डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक त्याच दिवशी सुरू झालं. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन थोडं वाढलेलं, म्हणून दोन रात्री दाखल. बाकी काही त्रास नाही, पण प्रत्येक वेळी प्लास्टिकच्या मापात लघवी करून आकडा सिस्टरना सांगायचा, हे मला तापापेक्षा जड गेलं. आठवड्याने पुन्हा केलेली तपासणी पॉझिटिव्ह आली, तोवर मी वरणभात जेवत होतो.

पुढच्या वर्षी पेरणीआधीच गावी गेलो. संध्याकाळी काका आणि मी सगळी बिळं चिखलाने लिंपली, एकूण सतरा. सकाळी सहा उघडलेली. तेवढीच वसती, बाकीची रिकामी. घूस संशयी जात, म्हणून आधी दोन दिवस बिनविषाचा भरडा तेल लावून ठेवला, मग औषधाचा. शेजाऱ्यांनाही त्याच आठवड्यात करायला लावलं, नाहीतर त्यांच्या बांधावरच्या घुशी आपल्याकडे येतात. गाभणकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा, एका वेताला सहा-आठ पिल्लं, आणि व्यायल्यावर लगेच पुन्हा गाभण. भात पोटरीत आल्यावर, खायला मुबलक असताना, मारायला निघणं म्हणजे वरातीमागून घोडं. आम्ही वर्षानुवर्षं तेच करत होतो.

काकांना गमबूट नेले होते. चिखलात रुततात म्हणून ते गोठ्यात खुंटीला लटकलेत. टाचेच्या भेगेवर मात्र आता पट्टी लावतात, तीही मी फोन केला तर.