सातवी गाडी

मंगळवार, रात्र

आज सातव्या छोट्या लाकडी गाडीचं डावं दार चिरलं. छपराच्या वळणावर, लांबीच्या दिशेने, सरळ एक रेघ. आवाज इतका बारीक आला की आधी वाटलं, करवतीचं पातंच तुटलं.

मर्सिडीज ३०० एसएल. मूळ गाडी १९५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. तिची दारं पंखांसारखी वर उघडतात, आणि ते नुसतं देखणेपणासाठी नाही. बारीक नळ्यांचा सांगाडा दोन्ही बाजूंना एवढा उंच होता की नेहमीच्या दाराला जागाच उरली नाही. मग बिजागरी छपरात गेली. १९५७ साली उघड्या टपाच्या गाडीसाठी सांगाडा बाजूंना खाली घेतला आणि दारं साधी झाली. हे कारण कळल्यापासून मला बंद, नुसती रेघ कोरलेली दारं करवत नाहीत. ती उघडलीच पाहिजेत.

मी १:१२ मापात करते. पुढच्या-मागच्या चाकांमधलं मूळ अंतर २४०० मिलिमीटर, माझं २००. अक्रोडाच्या एका ठोकळ्यातून अख्खं अंग कोरायचं आणि दार त्यातूनच कापून काढायचं, म्हणजे दार लावलं की लाकडाच्या शिरा एका सलग ओळीत दिसतात. वेगळ्या तुकड्याचं दार मापात बसेलही, पण डोळा तिथेच अडतो.

संध्याकाळी तो ठोकळा आडवा कापून पाहिला. छपराशी जाडी जेमतेम २ मिलिमीटर. पण खरं कारण जाडी नाही. शिरा गाडीच्या लांबीने धावतात आणि दार त्यांना आडवं वळतं. जोर पडला की लाकूड शिरेनेच फाटणार. आधीच्या बारा दारांनी सोसलं, हे नशीब. आता आतून एक पातळ पट्टी चिकटवायची, तिच्या शिरा दाराच्या शिरांना आडव्या. चाकांना मी हे पहिल्यापासून करते. हवा दमट-कोरडी होत राहिली की लाकूड रुंदीला फुगतं-आकसतं, लांबीला जवळजवळ नाहीच, त्यामुळे एका फळीतून कातलेलं चाक हळूहळू लंबगोल होतं. म्हणून पातळ थर एकमेकांवर आडवे चिकटवायचे आणि मग लेथवर चढवायचे. चाकाला जे कळत होतं ते दाराला कसं सुचलं नाही, याचं दिवसभर वाईट वाटत राहिलं.

बारा गाड्या करायच्या असं काही मी ठरवलं नव्हतं. एका ओंडक्यातून बारा ठोकळे निघाले, म्हणून बारा. आता अकरा. दुसरं अक्रोड आणून बारावी पुरी करता येईल, पण तेल लावल्यावर त्याचा रंग वेगळा येईल. ती या भावंडांतली नसेल. गाड्यांच्या तळाचे क्रमांक शेवटी कोरायचे ठेवले होते, ते बरं झालं. गाडी घेणाऱ्यांपैकी एकांना बारावा क्रमांकच हवा होता. त्यांना उद्या सकाळी कळवायचं.

कापलेलं अंग टाकलं नाही. आठवीचं दार कापताना समोर ठेवणार आहे.