तुम्ही विचारलंत म्हणून : बाहेर लाडका, घरी नकोसा

वर्तमानपत्राच्या परदेश पानावर मी बरीच वर्षं काम केलं, म्हणून हा प्रश्न मला हमखास विचारला जातो : सगळं जग ज्याला डोक्यावर घेतं, त्या नेत्याला त्याच्याच देशातले लोक का झिडकारतात? विचारणाऱ्याच्या सुरात ‘काय कृतघ्न लोक आहेत’ हे आधीच आलेलं असतं. मला ते खटकतं.

सोव्हिएत संघाचे शेवटचे नेते मिखाईल गोर्बाचेव्ह घ्या. जून १९८९ मध्ये ते पश्चिम जर्मनीत गेले, तेव्हा ‘गोर्बी, गोर्बी’ असा गजर करत माणसं रस्त्यावर लोटली. १९९० चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं. आणि १९९६ मध्ये रशियाच्या अध्यक्षपदासाठी उभे राहिले, तर मतं पडली जेमतेम अर्धा टक्का.

परदेशी वर्तमानपत्रांनी खोटं लिहिलं होतं असं नाही. जर्मन माणसाच्या डोळ्यांदेखत बर्लिनची भिंत पडली, अणुयुद्धाची भीती ओसरली. त्याच्या पहिल्या पानावर तेच येणार. सोव्हिएत बाई मात्र साखरेच्या रांगेत उभी होती. १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह यांनी दारूविरुद्ध मोहीम उघडली, लोक घरीच दारू गाळू लागले आणि बाजारातली साखर गायब झाली. दारू सोडून मिनरल वॉटर प्यायला सांगणाऱ्या कम्युनिस्ट पक्षाच्या या जनरल सेक्रेटरीला लोक ‘मिनरल सेक्रेटरी’ म्हणू लागले. तेव्हा सोव्हिएत संघातून वेगळं होऊ पाहणाऱ्या लिथुआनियात विचाराल, तर तिसराच गोर्बाचेव्ह भेटेल. नोबेल जाहीर होऊन तीन महिने होतात न होतात तोच, जानेवारी १९९१ मध्ये, तिथल्या राजधानीत, विल्नियसच्या टीव्ही टॉवरपाशी सोव्हिएत रणगाडे आले. त्या कारवाईत १४ माणसं गेली.

हे तिन्ही खरे. दूरच्या वाचकापर्यंत बहुतेक वेळा एकच पोचतो. वृत्तसंस्थेची बातमी लांबलचक येते, पानावर जागा चार परिच्छेदांची. कात्री आधी बातमीच्या शेपटाला लागते, आणि भाव, रांगा, प्रांतांमधली धुसफूस हे सगळं शेपटातच असतं. मीही तेच कापत आलो. मग उरतं एखादं विशेषण : सुधारणावादी, कट्टर, पोलादी. आपल्या नेत्याला असं विशेषण लावलेलं वाचलं, की आपण ते आपल्या पगाराशी, शेजाऱ्याच्या अनुभवाशी ताडून बघतो. परक्या नेत्याच्या बाबतीत ताडायला हाताशी काहीच नसतं, म्हणून ते विशेषण वर्षानुवर्षं टिकतं.

आणि मग एक दिवस धक्का बसतो. म्यानमारच्या नेत्या आँग सान सू ची यांचं तसंच झालं. नजरकैदेतली, १९९१ च्या नोबेलची मानकरी, हीच त्यांची जगाला ठाऊक असलेली ओळख. २०१७ मध्ये सात लाखांवर रोहिंग्या, म्हणजे तिथले अल्पसंख्य मुसलमान, म्यानमारमधून बांगलादेशात पळाले, आणि डिसेंबर २०१९ मध्ये वंशसंहाराच्या आरोपाविरुद्ध म्यानमारची बाजू मांडायला त्या स्वतः हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात उभ्या राहिल्या. ‘बाई बदलल्या’ असं जग म्हणालं. पण त्या देशाच्या सैन्याची स्थापना करणाऱ्या आँग सान यांच्या त्या कन्या, आणि देशात बहुसंख्य असलेल्या बामर वंशाच्या बौद्धांच्या लाडक्या नेत्या, हे पहिल्यापासून छापलेलं होतं, फक्त शेपटात.

नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांचा पक्ष प्रचंड बहुमताने निवडून आला. हे सांगितलं की लगेच पुढचा प्रश्न येतो : म्हणजे घरच्यांचंच मत खरं धरायचं का? नाही. त्या निवडणुकीत रोहिंग्यांना मताचा अधिकारच नव्हता.