तुम्ही विचारलंत म्हणून: भजनात नंबर कशाला?

“देवाचं नाव घ्यायला बक्षीस कशाला हवं?” आमचं महिला मंडळ भजन स्पर्धेत उतरतं म्हणून हा प्रश्न मला लग्नघरात, एसटीत, भाजीच्या रांगेत, सगळीकडे विचारून झालाय. गेल्या एकादशीला देवळाच्या पायरीवर त्याला जोडून दुसराही आला: “तुम्हाला गप्प बसवलं ना त्यांनी? तरी जाता?” दोन्हींचं उत्तर एकदाच लिहून टाकते.

आपल्या सिंधुदुर्गात डबलबारीला दोन बुवा, म्हणजे भजनाचे मुख्य गायक, आमनेसामने बसतात, रात्र जागवतात, आणि कोण भारी पडला यावर गावात आठवडाभर वाद चालतो. तिथे कुणी विचारत नाही की देवाच्या दारात ही चढाओढ कशाला. शेजारी गोव्यात कला अकादमी मनोहरबुवा शिरगावकरांच्या नावाने भजन स्पर्धा घेते, त्यात पुरुषांचा, महिलांचा, मुलांचा असे गट असतात. कामगार कल्याण मंडळाच्याही भजन स्पर्धा असतात. मग आमच्या महिला मंडळाने फॉर्म भरला की भक्ती कुठे कमी पडते, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

आता खरं सांगते. मंडळात नवी होते तेव्हा मीही हेच म्हणायचे. स्पर्धेने भजनाचा बाजार होतो, असं मीच भर बैठकीत बोलले होते. तेव्हा आम्ही गायचो कसं? प्रत्येकीची वही वेगळी, वहीतला पाठ वेगळा. एकीचा ‘पांडुरंग’ संपायचा तेव्हा दुसरी ‘डु’वर असायची. ज्या बाईचा आवाज मोठा, तिची चाल खरी. स्पर्धेत पाठांतराला गुण असतात म्हणून वह्या मिटल्या. उच्चाराला गुण असतात म्हणून ‘न’ आणि ‘ण’ वेगळे ऐकू यायला लागले. श्वास कुठे घ्यायचा, शेवटचं अक्षर कुठे सोडायचं, हे कोरस म्हणून पहिल्यांदा ठरलं. वेळेची घंटा व्हायच्या आत देवाच्या रूपाच्या अभंगापासून नामाच्या गजरापर्यंत पोचायचं, तर आलाप कुठे आवरायचा हेही कळलं. आणखी एक, जे बायकांनाच कळेल: “सरावाला जाते” म्हटलं की घरात चहा कोण करणार हा प्रश्न निघतो. “स्पर्धा आहे” म्हटलं की निघत नाही.

तर तो प्रसंग. ज्यांना माहीत आहे त्यांनाही तो अर्धवट माहीत आहे.

आमची पट्टी, म्हणजे पेटीवरच्या ज्या सुराला ‘सा’ धरून गातो तो, वर्षानुवर्षं काळी चार. नव्या बुवा आल्या, त्यांचा आवाज काळी पाचला खुलतो. म्हणजे सगळं भजन एक पूर्ण सूर वर. तोवर माझी पन्नाशी उलटलेली. त्या वयात बायकांचा आवाज जड होतो, खाली उतरतो, वरचे सूर निसटतात. हा शरीराचा भाग आहे, रियाजाने थोडा सांभाळता येतो, परत फिरवता येत नाही. काळी चारला मी गजर निभावून न्यायचे. काळी पाचला तार गंधारावर, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ‘ग’वर, आवाज फाटायला लागला.

स्पर्धेच्या आदल्या सरावाला कुणीतरी मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं आणि सगळ्यांत बसून लावलं. गजर वर चढला आणि खालून एक सूर वेगळा ऐकू यायला लागला, जेमतेम, पण सतत. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. त्यावरूनच कळलं की सगळ्यांना कळलंय. बुवा पेटीचा भाता बंद करून माझ्याजवळ येऊन बसल्या. “काकी, रागाव नकात. पण कोरसाक आवाज लाव नकात. टाळ वाजवा आणि तोंड हलवा.”

मी “बरं” म्हटलं. वाद घातला नाही, कारण रेकॉर्डिंग मीही ऐकलं होतं.

स्टेजवर दुसऱ्या रांगेत बसले. नऊवारी, गजरा, सगळ्यांसारखं. टाळाची दोरी बोटाला इतकी करकचून गुंडाळली होती की नख पांढरं पडलं. पखवाजाने उठाण घेतलं, गजर सुरू झाला आणि मी तोंड हलवत राहिले. लहानपणापासून गजरात माझा आवाज मला आतून ऐकू यायचा, छातीत. त्या दिवशी तिथे काहीच नव्हतं. गळा आवळून धरावा लागतो, नाहीतर सवयीने सूर निघतो. विठ्ठलाचं नाव न उच्चारता त्याचे ओठ करायचे, हे मला आजही आठवलं की बरं वाटत नाही.

दुसरा नंबर आला. फोटोत मी हसतेय.

त्यानंतर बरेच दिवस गेले नाही. तुम्ही म्हणता तसंच म्हणत होते, की हे भजन नाही. पण तो राग होता. मत म्हणावं तर कोरस खरोखरच सुरेख झाला होता, आणि तो मीच सगळ्यांत जवळून ऐकला. हे दोन्ही खरं आहे आणि त्यांचा मेळ मला घालता आलेला नाही.

माझी तक्रार स्पर्धेवर नाहीच, ती आमच्या एकाच सुराच्या हट्टावर आहे. गोव्यातल्या चर्चच्या कॉयरमध्ये जड आवाजाच्या बायकांची रांगच वेगळी असते, आल्टोची, आणि तिला तिची स्वतःची चाल दिलेली असते. तिथे उतरलेला आवाज एक रांग सरकतो. आमच्याकडे तो बाहेरच जातो. भजनात वेगळ्या चाली घालाव्यात असं मी म्हणत नाही, ते भजन राहणार नाही. पण पट्टी एका गळ्यासाठी ठरवायची की बारा गळ्यांसाठी, एवढं तर बोलता येईल?

परत का गेले, तर मला गायचं होतं. घरी देवापुढे एकटीने गाते, ते वेगळं. टाळ एकत्र पडतो तेव्हाचं दुसरं.

यंदाचा फॉर्म आलाय. बुवा काळी पाचवर ठाम आहेत, मी बैठकीत काळी चार मागितली. दोघी माझ्या बाजूने बोलल्या, बाकीच्या गप्प. शनिवारी पुन्हा बसणार आहोत.