मागणे पुरे न झालेल्यांची प्रार्थना

“ज्यांचं मागणं पुरं झालं नाही, त्यांनीही आभाराचं पत्र लिहायला हवं, नाही का गं?” आज माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये, नोव्हेनाच्या, म्हणजे मरियामातेला केल्या जाणाऱ्या साप्ताहिक प्रार्थनेच्या वेळी भाविकांची आभारपत्रे वाचली जात असताना, शेजारी बसलेल्या मावशी हलक्या आवाजात म्हणाल्या. त्यांचा मुलगा आजारातून उठला नाही, तरीही त्या येत राहिल्या आहेत.

१९४८ पासून दर बुधवारी चालत आलेल्या या प्रार्थनेत घर, नोकरी, मूल, आरोग्य यांसाठी किती जणांनी हात जोडले असतील, आणि त्यांतले किती जण रिकाम्या ओंजळीने परतूनही पुढच्या बुधवारी पुन्हा आले असतील!

देवाच्या इच्छेवर विश्वास ठेवणे म्हणजे मागणेच सोडून देणे, असे आपण फार सहज समजतो. मला ते पटत नाही. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने हा दुःखाचा प्याला टळावा अशी विनवणी केली, तीही पुन्हा पुन्हा, आणि ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे शब्द त्या विनवणीला जोडूनच आले. प्याला टळला नाही. तरीही क्रुसावर शेवटच्या क्षणी त्याने ‘हे बापा’ अशीच हाक मारली.

मागणे पुरे झाले नाही, त्यानंतर तुम्ही देवाला कोणत्या शब्दांत हाक मारलीत?