साडेनऊची भूक

जळगाव, डिसेंबरचा तिसरा आठवडा. वजन कमी करण्यासाठीच्या जठराच्या शस्त्रक्रियेला 17 दिवस उरले.

आज समुपदेशक बाईंकडे दुसरी बैठक झाली. पहिल्या बैठकीत त्यांनी विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर मला पंधरा दिवसांत सापडले नाही, आणि ते सापडले नाही एवढेच मी आज त्यांना सांगू शकले. प्रश्न साधा होता. शस्त्रक्रियेनंतर एखाद्या दिवशी फार वाईट वाटले, तर तुम्ही काय कराल? मधुमेहाची सात वर्षे, गुडघ्यांचे दुखणे, रात्री झोपेत अडकणारा श्वास, 118 किलो वजन आणि 155 सेंटिमीटर उंची यांवरून निघणारा 49 हा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, यांविषयी कोणी मला मध्यरात्री उठवून विचारले तरी मी घडाघडा सांगेन. पण वाईट वाटल्यावर मी काय करते याचे खरे उत्तर एकाच शब्दाचे आहे. मी खाते.

नाशिकच्या शल्यविशारदांनी कागदावर चित्र काढून सगळे समजावले होते. दुर्बिणीतून जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात आणि उरते ती एक अरुंद नळी, साधारण केळ्याच्या आकाराची. जळगावच्या बाईला हे वेगळे समजावून सांगावे लागले नाही. फक्त आमच्याकडची केळी बरीच मोठी असतात, असे मनात आले आणि मी उगाच हसले. काढलेल्या भागातच भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तयार होते, त्यामुळे पहिले काही महिने पोटाची भूक फारशी लागणार नाही, असेही ते म्हणाले. हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही, कारण मी कित्येक वर्षांत पोटाच्या भुकेने जेवलेले नाही हे मला त्याच क्षणी कळले.

समुपदेशक बाईंनी एक वही ठेवायला सांगितली होती. त्यात काय खाल्ले हे लिहायचे नव्हते, खाण्याच्या आधी काय घडले ते लिहायचे होते. पंधरा दिवसांच्या नोंदी आज त्यांनी माझ्यासमोर ठेवल्या, तेव्हा मला लाज वाटली. बारा रात्री साडेनऊच्या सुमारास मी स्वयंपाकघरात, दिवा न लावता, उभ्याने लसणाची शेव खाल्लेली होती. ओटा पुसलेला, उद्याच्या डब्यांची तयारी झालेली, मुलीची खोली बंद, आणि दिवसभर शाळेत आणि घरात कोणाला ना कोणाला हवी असलेली मी अचानक कोणालाच नको, अशी ती वेळ आहे. वडील गेले त्या वर्षी ही सवय लागली. ते रोज साडेनऊला फोन करायचे. मी इतकी वर्षे हे दोन धागे जोडले नव्हते. वहीत मात्र ते एकाखाली एक लिहिलेले होते.

बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला जास्त भीतिदायक वाटली. खाणे हातातून गेले की काहींचे मन दुसरे काहीतरी धरते. शस्त्रक्रियेनंतर दारू लवकर आणि जास्त चढते, म्हणून त्या प्रत्येकाला दारूविषयी विचारतात. मी म्हणाले की आमच्या घरात तो प्रश्नच नाही. त्यांनी शांतपणे विचारले, "आणि मोबाइलवरची खरेदी?" माझ्या कपाटात अजून घडी न मोडलेल्या चार साड्या आहेत, हे त्यांना कसे कळले कोण जाणे.

लोक याला सोपा मार्ग म्हणतात. आमच्याच नात्यातील एकीने तोंडावर सांगितले की थोडे कमी खाल्ले असतेस तर पोट कापायची वेळ आली नसती. जन्मभर बी12, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणे, रोज किमान 60 ग्रॅम प्रथिने एवढ्याशा पोटात बसवणे, जेवताना पाणी न पिणे, तिसऱ्या महिन्याच्या आसपास केस गळू लागले तरी ते पुन्हा येतील यावर विश्वास ठेवून आरशासमोर उभे राहणे, यात सोपे काय आहे ते मला तिला विचारायचे होते. विचारले नाही. तिच्याकडे पुरणपोळी खाऊन परत आले.

गेल्या रविवारी यावलजवळच्या एका शेतात शाळेतील सगळ्यांची भरीत पार्टी होती. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, हिरवी मिरची आणि लसूण, कांद्याची पात, तळलेले शेंगदाणे आणि सोबत कळण्याच्या पुऱ्या. खान्देशातील हिवाळा याच वासाने ओळखू येतो. हे आपले शेवटचे भरीत आहे असे मी मनाशी ठरवून बसले होते आणि म्हणून इतके खाल्ले की चौथ्या पुरीनंतर चव लागणेच बंद झाले. खरे तर काही महिन्यांनी दोन चमचे भरीत मला चालणार आहे, असे आहारतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितलेले आहे. मग मी निरोप कशाचा घेत होते? भरताचा नव्हे, हे नक्की. पंगतीत सगळ्यांच्या आधी जिला वाढतात आणि सगळ्यांच्या शेवटी जी उठते, जिच्या जेवणावर सगळे प्रेमाने हसतात, त्या बाईचा निरोप मी घेत होते. तिच्याशिवाय सहकारी माझ्याशी काय बोलतील, हे मला माहीत नाही.

रात्री मुलीबरोबर नाही म्हणण्याचा सराव केला. ही तिचीच कल्पना. ती आत्या झाली, पदर खोचला आणि रिकाम्या ताटात वरण-बट्टी वाढू लागली, "एवढीशी घे ना, माझी शपथ." मला फक्त "नको" म्हणायचे होते. मी पित्त, डॉक्टर, सकाळचा नाश्ता आणि एका उपवासाची गोष्ट सांगून झाल्यावरही ताट पुढेच धरलेले होते. मुलगी म्हणाली, "आई, एवढे स्पष्टीकरण कोणी मागितले होते?" सहाव्या वेळी ते जमले. पण ते म्हणताना माझा आवाज भांडल्यासारखा लागला, आणि आपल्याकडे ताटाला नको म्हणणे हे वाढणाऱ्या हाताला नको म्हणण्यासारखेच असते, हे तिला अजून कळायचे आहे.

शस्त्रक्रियेला 15 दिवस.

उद्यापासून द्रव आहार सुरू होईल. दोन आठवड्यांत यकृतातील चरबी कमी होऊन ते आकसते आणि शल्यविशारदांना जठरापर्यंत पोहोचणे सोपे जाते, असे त्याचे कारण आहे. मला मात्र ही माझ्या साडेनऊची परीक्षा वाटते.

म्हणून आज साडेनऊला मी स्वयंपाकघरात गेले नाही. सासूबाई त्या वेळी मधल्या खोलीत आमच्याच शेतातील कापसाच्या वाती वळत बसतात. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि हातात कापूस घेतला. माझ्या वाती जाड होत होत्या. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. लग्न होऊन आले तेव्हापासून मी उदास दिसले की त्या माझ्यापुढे ताट सरकवतात आणि म्हणतात, "जेवी ले वं माय." याहून वेगळी समजूत त्यांनी मला कधी घातलेली नाही, आणि आज ते वाक्य त्यांच्या ओठांवर येऊन परत गेलेले मला दिसले. माझ्याइतकीच तयारी त्यांनाही करायची आहे, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. मला कमी होणाऱ्या वजनाची काळजी, तर त्यांना आता या सुनेला जवळ कशाने घ्यायचे याची.

थोड्या वेळाने त्यांनी विचारले की नंतर नेमके किती पोटात जाईल. मी सांगितले की सुरुवातीला 30 मिलीचे घोट, तेही सावकाश. त्या उठल्या आणि कपाटातून मुलीच्या उष्टावणाची चांदीची वाटी घेऊन आल्या. औषधाच्या झाकणाने मोजून आम्ही तीत पाणी ओतले. काठोकाठ 60 मिली मावले. म्हणजे मला एका वेळी अर्धी वाटी. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली, नातीने पहिल्या दिवशी तेवढेही खाल्ले नव्हते असे म्हणाल्या, आणि चिंचेने घासून लख्ख करून माझ्या हातात दिली.

दहा वाजून गेले होते. शेवेचा डबा आठवला, नाही असे नाही, दोनदा आठवला. वाटी नाशिकला न्यायची असेल तर रुमालात बांधून ने आणि दवाखान्यात विसरून येऊ नकोस, चांदीचे भाव काय झालेत ते ठाऊक आहे ना, असे त्यांनी झोपायला जाताना दोनदा बजावले.