खोडलेलं वाक्य

वाचनालयातून आणलेल्या एका कादंबरीत कुणीतरी शिसपेन्सिलीनं एक अख्खं वाक्य गिरगटून टाकलं होतं. खिडकीपाशी नेऊन, पान तिरकं धरून मी ते वाचलंच. आता कादंबरी विसरलेय, वाक्य लक्षात आहे.

परवा 'द कंट्री गर्ल्स' पुन्हा वाचताना हे आठवलं. एडना ओब्रायन आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातली. लंडनला गेल्यावर तीन आठवड्यांत तिनं ही कादंबरी लिहिली, १९६० साली ती छापून आली आणि आयर्लंडमध्ये तिच्यावर बंदी आली. आत असं काय होतं? कॅथलीन आणि बाबा या दोन मैत्रिणी. (ही बाबा म्हणजे मुलगीच, आपल्याला उगाच दचकायला होतं.) नन्सच्या शाळेतून सुटका हवी म्हणून या पोरी देवाच्या चित्रावर मुद्दाम काहीतरी वाह्यात लिहितात आणि स्वतःला हाकलून घेतात. मग डब्लिन, किराणा दुकानातली नोकरी, आणि गावातल्या एका विवाहित गृहस्थावर कॅथलीनचा जडलेला जीव. त्याच्यासाठी ती बॅग भरून तयार राहते. तो येत नाही, तार येते.

पण ज्या देशात १९७३ पर्यंत लग्न झालं की बाईला सरकारी नोकरी सोडावी लागे, तिथे मुलीला काहीतरी हवंसं वाटतं एवढं लिहिणंसुद्धा जड गेलं असणार.

सगळ्यात मला गुंतवते ती एडनाची आई. ती गेल्यावर तिच्याकडची प्रत लोडाच्या अभ्र्यात सापडली, असं एडनानंच सांगितलंय. नको ते शब्द काळ्या शाईनं खोडलेले. मला राहून राहून वाटतं, हे काम बाईनं केलं कधी? दुपारी, घरात कुणी नसताना? खोडायचं तर आधी वाचायला हवं. तेही भरभर नाही; एका ओळीतला नेमका तेवढाच शब्द हेरायचा, शेजारच्याला शाई लागू द्यायची नाही. लेकीचं पुस्तक इतक्या बारकाईनं दुसऱ्या कुणी वाचलं असेल असं मला वाटत नाही, समीक्षकांनी तर नाहीच.

आणि चूल पेटलेली असताना तिनं ते चुलीत घातलं नाही. लोडात घातलं. अभ्रा धुवायचा झाला की बाहेर काढायचं, वाळला की परत आत.